वल्हं कुणी काढलं

प्रिय लीलाधर,

तुझा फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसले. “सुलभा, सोमवारी मी शाळेत राजीनामा देतोय, अपन फिरसे सोबत!” असं तू हसत म्हणालास आणि मी नुसतं हं हं करत राहिले. तोंडाने बोलायचं धैर्य नाही. माझा भाऊ अनंत उद्या बुऱ्हाणपूरला येतोय, त्याच्या हाती हे पाठवते. एका बैठकीत वाच, मध्ये थांबू नकोस.

जैनाबादच्या काठावरून तुझे निंबाकाका धुक्यात नदीत नाव घालायचे ते आठवतं? मी जीव मुठीत धरून पाण्याकडे बघत बसले की म्हणायचे, “पोरी, पाहू नको, ऐक. खडक बोलतो.” त्यातूनच तुला आपला खेळ सुचला. मोबाइलचा पडदा धुक्याने पांढरा, दिसत काहीच नाही. एका बोटाने वल्हं मारायचं, पाणी खडकावर कसं वाजतं ते ऐकायचं आणि नाव पैलतीरी न्यायची. बस, इतकंच. बुऱ्हाणपुरात लालबागला तुमच्या गच्चीवर पहिला भाग केला तेव्हा लोक हसले, मग तेच खेळत बसले. दुसऱ्या भागात पूर आला, नदी बदलली, वल्हं मात्र तेच. भुसावळच्या एका अंध बाईंनी लिहिलं होतं, या एकाच खेळात मी घरातल्या सगळ्यांना हरवते. ती चिठ्ठी तू किती दिवस खिशात घेऊन फिरायचास!

मग आपली चिमुकली कंपनी इंदूरच्या मोठ्या कंपनीत विलीन झाली आणि तिसरा भाग निघाला. धुकं गेलं. नावेवर तोफ आली, मगरी आल्या, नाव आपोआप चालू लागली. खेळणाऱ्याने फक्त गोळे डागायचे. तू चिडून गाव गाठलंस, शाळेत नोकरी धरलीस. इकडे पहिल्या आठवड्यात गर्दी उसळली, मला वाटलं जिंकलो. महिनाभरात ती ओसरली. नुसता गोळीबारच हवा असेल तर त्यासाठी आमच्यापेक्षा चांगले खेळ ढिगाने पडलेत. आणि आपली माणसं तर आधीच उठून गेली होती. भुसावळच्या बाईंनी एकच ओळ धाडली, “आता मला काही कळत नाही.” घाबरून आम्ही चौथ्या भागात नावच काढून मोटारगाडी आणली. तो कुणी पुरता खेळलासुद्धा नाही. अकरा जण होतो, चार उरलो. साहेबांनी केबिनचं दार उघडलं की वाटतं, आज माझी पाळी.

म्हणून त्यांना तू आठवलास. म्हणाले, पाचवा भाग पुन्हा जुन्या पद्धतीने करायचा, लीलाधरला बोलवा. पण सहा महिन्यांत लोक परतले नाहीत तर आमचा विभागच बंद होणार, हे त्यांनी तुला सांगितलेलं नाही. मीही नाही. तुझी पक्की नोकरी, तुझ्या आईचं, मनकर्णाकाकूंचं, आजारपण, आणि तू केवळ माझ्या भरवशावर निघालायस.

त्या भरवशाचंच लिहायचं होतं, इतका वेळ टाळत आले. वल्हं कंपनीने काढलं आणि मी शेवटपर्यंत भांडले, असं तुला वाटतं. मी तसं वाटू दिलं. लीलाधर, तिसऱ्या भागाच्या ज्या बैठकीला तू नव्हतास, तिथे साहेबांनी साधं विचारलं होतं, “हे वल्हं ठेवायचं का?” कुणाचा दबाव नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. हे लोक आपल्याला गावंढळ समजतील, या भीतीने माझ्याच तोंडून निघालं, “काढून टाका, लोकांना अवघड जातं.” साहेबांनी लगेच टिपून घेतलं. तीन वर्षं तुला हे सांगायला घाबरत होते. आज त्याहून मोठी भीती ही, की हे ठाऊक नसताना तू राजीनाम्यावर सही करशील. नाही आलास तर माझी तक्रार नाही. आलास, तर पहिल्याच बैठकीत, त्याच टेबलाशी, सगळ्यांसमोर मी हे पुन्हा सांगेन.

अजूनही म्हणू देशील तर, तुझीच,
सुलभा