न वाचता दिलेले पाच तारे

प्रिय साईश,

‘काजळडोह’ कादंबरीचा सहावा भाग चतुर्थीच्या आधी आला. आता बाजारात दसऱ्याची झेंडूची फुलं आली आणि त्यावर तुझं मत अजून आलेलं नाही. पाचव्या भागावर तू दुसऱ्याच दिवशी लिहिलं होतंस. चौथ्यावर तर डिचोलीच्या दुकानात प्रत पोचायच्या आत. म्हणून मला काळजी लागली आहे, म्हणजे काळजी हा फार सभ्य शब्द झाला. मी घाबरले आहे. तुझा फोन बंद, वास्कोची खोली तू सोडलीस, मुरगावच्या बंदरावर तुला ओळखणारा कुणी भेटत नाही. तू जिवंत आहेस, एवढंच कुणीतरी मला सांगावं.

तुला वाटेल, आईला ‘काजळडोह’ कुठून ठाऊक? तू गेलास त्या आठवड्यात बाबांनी तुझी पुस्तकं भंगारवाल्याला दिली. खाणी बंद पडल्या, ट्रक दारात गंजत उभा, आणि तरणाताठा मुलगा मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवायला नको म्हणतो, खोलीत बसून मेलेल्यांच्या होडीच्या गोष्टी वाचतो. तो सगळा राग त्यांनी पुस्तकांवर काढला. “पुस्तकां वाचून पोट भरता?” हे तू उंबऱ्यावर ऐकलंस आणि तसाच निघालास. मी भंगारवाल्याकडे जाऊन ‘काजळडोह’चे तोवर आलेले तिन्ही भाग परत आणले आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवले. दुपारी भांडी आवरली की काढायचे. आधी तुझा हात लागलेला कागद म्हणून वाचलं, मग खरंच वाचू लागले. मेलेल्यांना डोहापलीकडे नेणारी ती होडीवाली भागू. मेलेले तिला सगळं सांगतात, फक्त मारणाऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून निघत नाही. तिच्या नादात माझं दूध कितीदा उतू गेलं.

मग शेजारच्या गौरवीने मला फोनवर ते पान दाखवलं, जिथे वाचक आपापली मतं लिहितात आणि तारे देतात. सगळी टोपणनावं. वाचता वाचता एका ठिकाणी थांबले. ‘रहस्य झकास, पण शेवटच्या प्रकरणात तिरफळं जास्त पडली.’ कादंबरीत तिरफळं शोधणारा दुसरा कोण असणार? बांगड्याच्या हुमणाचा रस्सा चाखून तू लहानपणापासून हेच म्हणत आलास. मी त्या फोनला हात लावून बसले. आई म्हणून लिहिलं असतं तर तू तिथूनही पळाला असतास. म्हणून मी गोकुळदास झाले. होय रे, तो ‘गोकुळदास, निवृत्त’ म्हणजे मीच.

पहिल्याच मतात मी घोळ घातला. सुरुवातीलाच खुन्याचं नाव लिहून टाकलं. आम्ही पेडण्याची माणसं. जत्रेतल्या दशावतारात राक्षस मरणार हे पोरासोरांना ठाऊक असतं, तरी पहाटेपर्यंत कुणी हलत नाही. पुस्तकाचा शेवट लपवायचा असतो हे मला कोण सांगणार? तू मात्र खवळलास. ‘गोकुळदासबाब, आपण वाचक की वैरी?’ घर सोडल्यापासून माझ्याशी बोललेला तुझा तो पहिला शब्द. त्या संध्याकाळी पोदेराकडून मी पाव जास्त घेतले. बाबा विचारत राहिले, कोण यायचं आहे का.

त्यानंतर मी मुद्दाम उलटंच लिहायची. तुला आवडलेला भाग मी पाडायची, तुला रटाळ वाटलेला डोक्यावर घ्यायची. गोड बोललं की तू गप्प होतोस आणि डिवचलं की बोलतोस, हे तुला दात यायच्या आधीपासून मला माहीत आहे. लोक म्हणत, हे दोघे भांडतात तरी किती. एकदा तू विचारलंस, ‘गोकुळदासबाब, घरी बोलायला कुणी नाही वाटतं?’ मी लिहिलं, मुलगा आहे, लांब असतो. तू लिहिलंस, ‘त्याला हे वाचायला द्या, मग बोलायला विषय मिळेल.’

पण मला खातंय ते तुझं शेवटचं वाक्य. तिसऱ्या भागात नाहीसा झालेला पहारेकरी केरबा जिवंत आहे की नाही, यावर आपलं जुंपलं होतं. माझं म्हणणं, जो भागूच्या होडीत चढला नाही तो मेलेला नाही, पुस्तकाचाच तसा नियम आहे. तू लिहिलंस, ‘लेखक त्याला विसरला आहे. विसरलेला माणूस आणि मेलेला माणूस, फरक काय?’ तेव्हा मी हसून सोडून दिलं. आता भाकरी थापताना तेच आठवतं आणि हात चालत नाही. फरक आहे, साईश. तुला कुणी विसरलेलं नाही.

पोलिसांत नाव दिलं आहे, ते शोधत आहेत. विमानतळावर सामान चढवणारा तुझा योगेश, त्यालाही तू बरेच दिवस भेटला नाहीस. देवळात कौल लावला, मूर्तीवरची उजवी पाकळी पडली. भटजी म्हणाले, सुखरूप आहे. देवावर माझा विश्वास आहे, पण मला तुझ्या हातचं हवं. शेवटी बाबांना सगळं सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. ते उठले, तांदळाच्या डब्यामागून पहिला भाग काढला आणि दारापुढच्या बाल्कांवात जाऊन बसले. ओळीखाली बोट धरून वाचतात. खून भागूनेच केला असं त्यांना वाटतं, त्यांना काही सांगू नकोस. रोज संध्याकाळी मला विचारतात, “आयज कितें बरयलां ताणें?” आणि मी मान हलवते, काहीच लिहिलं नाही.

या पत्राला पत्ता नाही. तू हमखास येतोस अशी एकच जागा मला माहीत आहे, म्हणून हे तिथेच, सहाव्या भागाच्या मतांमध्ये टाकते आहे. घरची गोष्ट चारचौघांत गेली तर जाऊ दे. वाचक मंडळी, मला क्षमा करा, यात पुस्तकाबद्दल काही नाही आणि या वेळी खुन्याचं नावही नाही. मी तो भाग उघडलेलाच नाही, केरबाचं काय झालं ते बघायचा धीर होत नाही. पण तारे दिल्याशिवाय हे पान मत घेत नाही, तेव्हा मी पाचच्या पाच दिले आहेत. पुस्तक न वाचता तारे देणाऱ्यांची तुला किती चीड आहे, मला ठाऊक आहे. मी तेच केलं आहे, सगळ्यांसमोर, स्वतःच्या नावाने. आता तरी भांडायला ये. लिहू नकोस हवं तर, नुसता एक तारा दे.

तुझीच वैरी,
आई