गादीच्या जाहिरातीची चाल माझीच आहे

८ जून, सोमवार

तीन आठवडे काही लिहिलं नाही. कबूल. पहिल्या आठवड्यात पेन सापडत नव्हतं. दुसऱ्यात पेन सापडलं, पण वही ताईने सामानाच्या यादीला घेतली होती. तिसरा नुसताच गेला. आता रोज लिहायचं, कारण आजपासून सूड सुरू.

झालं असं. न्हाव्याकडे बसलो होतो, अर्धी दाढी झालेली. रेडिओवर त्या गाद्यांच्या दुकानाची जाहिरात लागली. न्हावी वस्तरा चालवत तीच चाल गुणगुणायला लागला. मी म्हणालो, ही चाल माझी आहे. तो म्हणाला, हलू नका.

आमच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला लांबू आणि मी दोन वर्षं एका खोलीत राहायचो. चाल तिथेच सुचली, माझ्या डोक्यात. त्याने फक्त गिटार धरली होती. नंतर मी चार गावं आणि पाच नोकऱ्या फिरून आलो. आता तो जाहिरातवाल्यांकडे कामाला, आणि मी ताईकडे पाहुणा. चौथा महिना.

पण लांबू एक गोष्ट विसरला. चाल सुचली त्या दिवशी माझा जुना फोन टेबलावर पालथा पडून व्हिडिओ घेत होता. चौदा मिनिटं. दिसतो फक्त छताचा पंखा, पण आवाज सगळा आलाय! आज तो फोन बॅगेच्या तळाशी सापडला. फाईल दाजींच्या कॉम्प्युटरवर घेतली. उघडत नाही. थ्री-जीपी नावाचा कुठलातरी जुनाट प्रकार आहे म्हणे. एमपी-फोर करावी लागेल. पाच मिनिटांचं काम.

९ जून, सकाळ

झालं! फाईलच्या नावातलं शेवटचं थ्री-जीपी खोडलं, तिथे एमपी-फोर लिहिलं. लोक उगाच बाऊ करतात.

दुपार

उघडत नाही. कॉम्प्युटरच खराब आहे. दाजींना तसं सांगितलं. म्हणाले, काल तू हात लावेपर्यंत चांगला होता.

संध्याकाळ

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या बाईंना विचारलं. पोटभर हसल्या. म्हणाल्या, अरे, दारावरची पाटी बदलून घरातली माणसं बदलतात होय? कन्व्हर्टर लागतो त्याला. मला माहीत होतंच. त्यांना माहीत आहे का ते बघत होतो.

१० जून

कन्व्हर्टर उतरवला. फुकटचा. त्याच्यासोबत आणखी तीन प्रोग्राम न बोलावता आले, त्यातला एक सारखा हवामान सांगतो. पट्टी सरकायला लागली. बारा टक्के. तेवढ्यात समोरच्या इमारतीवर क्रेनने पाण्याची टाकी चढवायला घेतली. असं रोज बघायला मिळत नाही. परत आलो तर ताईने कॉम्प्युटर बंद केलेला. म्हणे विमानासारखा घरघरत होता.

सुडाच्या यादीत ताईचं नाव टाकलं. लांबू, न्हावी, ताई.

११ जून

झाली! पंखा दिसतो, गरगर फिरतो. आवाज नाही. फाईल हलकी व्हावी म्हणून कन्व्हर्टरमधली आवाजापुढची खूण मीच काढली होती. तरी चौदा मिनिटं पंखा पाहिला, न जाणो मध्येच आवाज यायचा. दाजीही मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, शेवटी काय होतं? थांबतो का?

१२ जून

आवाज आला!! आवाजासकट फुकटात पहिलं एकच मिनिट बदलून मिळतं, पण काय मिनिट! माझा आवाज, खणखणीत: लांबू, ऐक, एक भारी चाल सुचलीये. तिथेच संपलं. आणखी काय पुरावा हवा? उरलेली तेरा मिनिटं म्हणजे औपचारिकता.

सगळ्यांना मेसेज टाकला. रविवारी पाच वाजता ताईच्या घरी या, खरं काय ते ऐका. आमच्या जुन्या ऑर्केस्ट्रातले सगळे, न्हावी, गाद्यांच्या दुकानाचा मालकसुद्धा. बारा जण येतो म्हणाले. लांबूला बोलावलं नाही. त्याला लोकांच्या तोंडून कळू दे. मग येईल माफी मागायला. मी लगेच देणार नाही. निदान दोन हेलपाटे घालायला लावीन.

ताई म्हणाली, कॉम्प्युटरचे स्पीकर फाटलेत, मोठा स्पीकर बघते कुणाकडे तरी. ताईचं नाव यादीतून काढलं.

१३ जून

पूर्ण फाईल करायला पेन ड्राइव्ह दुरुस्तीवाल्या बाईंकडे दिला. घरी भाषण लिहायला बसलो. पहिलं वाक्य फारच जोरदार झालं, त्यामुळे दुसरं सुचेना. मग आरशासमोर कडवट हसण्याचा सराव केला. दाजींनी विचारलं, दात दुखतोय का?

१४ जून, रविवार, सकाळ

एक मिनिटवाली फाईल खोडून टाकली. पूर्ण येतेय, आता अर्धंमुर्धं काही नको.

दुपारी ४

बाई स्वतः पेन ड्राइव्ह घेऊन आल्या. खांद्यावर थोपटलं आणि गेल्या.

४.२०

ऐकली. पहिल्या मिनिटानंतर मी माझी चाल गुणगुणतो. ती दुसरीच आहे. मिक्सरमध्ये चमचा अडकल्यासारखी. लांबू म्हणतो, छान आहे रे, पण असं केलं तर? आणि गिटारवर ती वाजवतो. गादीची. अख्खी. त्यावर माझा आवाज, खणखणीत: शी! हे ऐकून माणसं झोपतील.

मग दार लागल्याचा आवाज. मी खाली काहीतरी बघायला गेलो असणार. पुढची दहा मिनिटं नुसती गिटार आणि पंखा.

४.३५

उपाय सापडला. वीज गेली म्हणून सांगायचं.

४.३७

पंखा चालू आहे.

४.४५

बेल वाजली. ताई बाहेरून ओरडतेय, अरे बघ तरी कोण आलंय! एवढा मोठा स्पीकर कुणाकडेच मिळेना, शेवटी ह्यालाच फोन केला, बिचारा चार जिने स्वतः उचलून घेऊन आला.

लांबू आहे. विचारतोय, वायर कुठे लावू?