पासोडीतलं तुझं सूत

माय,

आज अंबाडीची भाजी होती. थेट तुझ्यासारखी. ज्वारीच्या कण्या मऊ शिजलेल्या, वरून लसणाची कडकडीत फोडणी. पहिला घास घेतला आणि मला राग आला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, मी म्हातारा झालो, आणि तुझ्या हातची चव अजून या घरात आहे ती तुझ्या सुनेमुळे. मी तुझा एकुलता एक मुलगा, आणि मला साधी फोडणी देता येत नाही. तिला सगळं येतं. वाढता वाढता ती सहज सांगते की आत्याबाई लसूण कधी चिरत नव्हत्या, ठेचायच्या. मी मान खाली घालून जेवतो. माझ्याच आईची गोष्ट मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते, हे अजून पचत नाही. भाजी मात्र पचते, तीही दोनदा मागून घेतलेली.

सगळं त्या कापसाने केलं. विलायतेच्याही पलीकडे कुठेशी लढाई जुंपली आणि आपल्या काळ्या मातीतल्या बोंडाला कधी नव्हता तो भाव आला. बार्शीटाकळीची वाट गाड्यांनी भरून गेली. मला अकोल्याला एका आडत्याकडे कारकुनी मिळाली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायकोला लगेच न्यायचं ठरलं होतं, पण तू म्हणालीस, हाती घेतलेलं सूत तेवढं होऊ दे, मग ने. ते सूत काही संपेना. मी खानावळीतली पोळी चावत बसायचो आणि डोळ्यांसमोर तुम्ही दोघी यायच्या, एकाच परातीत भाकर मोडून खाणाऱ्या. नवा नवरा बायकोसाठी झुरतो म्हणतात. मी तिच्या जागेसाठी झुरत होतो.

त्या दिवाळीचा दिवस मला अजून दिसतो. तुझ्या घरात बाजारातून यायचं ते मीठ आणि लोखंड. बाकी सारं वावरातलं, ज्वारी, तूर, जवसाचं तेल, अंबाडीची भाजी आणि तिच्याच वाखाचे दोर. मी साखर आणली होती, गिरणीचं गुळगुळीत धोतर आणलं होतं. तू दोन्ही हातात घेऊन पाहिलंस, चांगलं आहे म्हणालीस आणि फळीवर ठेवून दिलंस. मग ओसरीवर सूत कातायचा रहाट मांडलास. तू शेजारी, रहाटावर ती. तिचा धागा तुटतो. तू हसतेस, तिचा हात आपल्या हातात घेतेस आणि तुटलेलं टोक कापसाच्या पेळूला पुन्हा कसं चिकटवायचं ते दाखवतेस. लहानपणी मी त्याच रहाटाला हात लावला होता, तेव्हा हे पोरांचं काम नाही म्हणून तू मला अंगणात पिटाळलं होतंस. मी दारात उभा राहून तिचा तो हात पाहत होतो आणि जळत होतो.

कोपऱ्यात गाठोडंभर कापूस तू राखून ठेवला होतास. त्या साली गावात घरासाठी कोणी बोंडही ठेवलं नव्हतं. तुला पासोडी करायची होती, जाड दुपदरी, जशी माझ्या बापाच्या अंगावर असायची तशी. मी आडत्याच्या तोंडाने बोलू लागलो. हा कापूस आज विकला तर तयार चादरी येतील, आता सूत काततं कोण, असं बरंच काही. खरं म्हणजे मला कापसाचं काही पडलं नव्हतं. तुमचं ते कातणं एकदाचं संपावं, एवढंच मला हवं होतं. तू सगळं ऐकून घेतलंस.

"थंडी वाजत असंन तं सांग, बाबू. भाव नको सांगू."

एवढंच बोललीस. ती पदराआड हसली. तुझं बोलणं मी केव्हाच गिळलं, तिचं हसू अजून गिळलेलं नाही.

पुढे लढाई संपली, भाव उतरला, आडत्याची पेढी निम्मी झाली. तू तापाने गेलीस. मी गाडी हाकत पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं, आणि शेवटचं पाणी तिने पाजलं होतं. तेही तिनेच. दिवस झाल्यावर ती अकोल्याला आली ती रहाट आणि सुताच्या लडी घेऊन. तुझं सूत पासोडीला अर्धंच पुरणारं होतं. उरलेलं अर्धं तिने कातलं, गावच्याच विणकराकडून विणवून घेतलं, आणि एका हिवाळ्यात पासोडी माझ्या अंगावर टाकली. जाड, खरखरीत, नव्या सुताच्या वासाची. मी तिला विचारलं, यात मायचं सूत कोणतं, उभं की आडवं? विणकराच्या हातात लडी तिनेच दिल्या होत्या, तिला ठाऊक असणारच. ती भाकर थापत होती. हात थांबला नाही.

"नाई सांगत," ती म्हणाली. "तुमी तं त्यायच्या पोटचेच. मले एवढं तरी राहू द्या."

म्हणजे इतकी वर्षं तीही माझ्यावर जळत होती. ऐकून मला फार बरं वाटलं, पण माझं जळणं काही कमी झालं नाही. पुन्हा मी विचारलं नाही. उभं सूत तुझं, असं मी आपलं धरून चालतो. ती बहुधा उलट धरत असेल. पासोडी आता विरली आहे, ठिगळंही तिनेच लावली आहेत.

हा कागद कुठे जायचा नाही, हे मला कळतं. तरी लिहीत बसलो. ती शेजारी उद्याचा लसूण सोलते आहे. तिला अक्षर येत नाही. कोणाला लिहिता, म्हणून मघाशी तिने विचारलं. तेल्हाऱ्याच्या एका व्यापाऱ्याला, मी म्हणालो. तुझं नाव सांगितलं असतं तर तिने आपलाही निरोप घालायला लावला असता, आणि तो मला घालायचा नव्हता.