भाड्याची खुर्ची, उसनी माणसं

सोमवार, ६ मार्च
धाकटीने नोकरी सोडली ती सोडलीच, आता कुठल्याशा हॉलमध्ये भाड्याने खुर्ची घेतली! मालाच्या खोक्यांवरची चित्रं काढायला घरच्या टेबलाला काय धाड भरली होती? म्हणते, "बाबा, गिऱ्हाईक घरी येत नाही. आणि दिवसभर भिंतींशी किती बोलू?"

गुरुवार, ९ मार्च
डबा विसरली म्हणून देऊन आलो. लांबलचक टेबलं, एका छताखाली वीस धंदे. जाहिराती लिहिणारा एक दाढीवाला, एक वकीलबाई, एकजण नकाशे काढतो. कोणी कोणाचा नोकर नाही, पण एकाकडे आलेलं काम दुसऱ्याला सांगतात. धाकटी हसत होती. घरी हसलेली आठवत नाही.

शनिवार, ११ मार्च
तिथली रीत कळली. ज्याचं गिऱ्हाईक येणार, त्याच्या हाताखालची माणसं असल्याचं सोंग बाकीचे तेवढ्यापुरतं घेतात! "एकटी बाई दिसली की भाव पाडतात, काका," वकीलबाई म्हणाली. मंगळवारी साबणाचा कारखानदार येणार. दाढीवाला हिशेबनीस, वकीलबाई मॅनेजर. मला म्हणाले, "पिकले केस हवेत. काका, तुम्ही देखरेखीला."
मी चौथी नापास. तोंडातून भलतंच गेलं तर? हे काम हुकलं तर धाकटी खुर्ची सोडून परगावी नोकरी धरणार. मग मी आणि या चार भिंती.

सोमवार, १३ मार्च
शर्ट दोनदा इस्त्री केला. कॉलर जळली.

मंगळवार, १४ मार्च
कारखानदार आला. मी नुसती मान हलवत होतो. चित्रं त्याला आवडली. सगळ्यांवर नजर फिरवून म्हणाला, "मॅडम, माणसं भरपूर आहेत तुमच्याकडे. मग तुम्ही दोन वर्षं आमच्या कारखान्यावरच येऊन बसा. इकडचं ही मंडळी बघतील."
कारखाना एका रात्रीच्या प्रवासावर. धाकटी पांढरीफटक. तो माझ्याकडे वळला — "काय काका, सांभाळाल ना?"
खरं सांगावं तर पितळ उघडं पडणार, काम जाणार.
"सांभाळू की," म्हणालो.
घरी आल्यावर धाकटी म्हणाली, "असं का बोललात, बाबा?"
"देखरेखीला मीच ना?" म्हटलं. तिला हसू आलं नाही. मलाही.

सोमवार, ३ एप्रिल
काल धाकटी कारखान्यावर राहायला गेली. तिची खुर्ची सोडतो म्हणून सांगायला हॉलवर गेलो. दिवे मालवेपर्यंत त्याच खुर्चीत बसून राहिलो.