अक्षरांना पाय

बा, टोक नको, टोक नको करून जिवंतपणी तू माझं डोकं खाल्लंस ते खाल्लंस. पण मरून आठ वर्षं झाली तरी इथे कलकत्त्यात येऊन माझ्या कामात लुडबुडतोस, हे मला खपत नाही. इथे पत्र्यावर एनॅमल चढवून स्टेशनांच्या, गोदामांच्या पाट्या भट्टीत भाजतात. अक्षरं आखायचं काम माझं. गेल्या महिन्यात साहेब विलायतेहून आलेला एक कागद नाचवत आला. त्यावरच्या इंग्रजी अक्षरांना ना पाय, ना टोक. जाडी सगळीकडे एकसारखी आणि शेवट बोटाच्या पेरासारखा गोल. म्हणतो, हे एकदम मॉडर्न! दुरून वाचता येतं, आणि कोपराच नसला की एनॅमल उडत नाही. मॉडर्न कसलं डोंबलाचं? उत्तनच्या किनाऱ्यावर अर्ध्या होड्यांवर तू हेच लिहीत होतास, आणि तुला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

आपली होडी रंगवली तेव्हा तू तापाने पडलेला, म्हणून तिचं नाव मी लिहिलं. आपल्या ख्रिस्ती देवळात जुन्या पाद्रीच्या थडग्यावर आहेत तसे, प्रत्येक अक्षराच्या दांडीला खाली आडवे टोकदार पाय काढले. दोन दिवस मान मोडली. तिसऱ्या दिवशी तू उठून येतोस, बघतोस, आणि सुरीने खरवडायला लागतोस. मी हात धरला तेव्हा म्हणालास, "होडी पान्यावर चालते, तिच्या अक्षरांना पाय कशाला? खारं पानी टोकालाच पहिलं धरतं, तितूनच रंग सुटतो. किती येळा सांगू?" बोंबील वाळत घालणाऱ्या बायका पोट धरून हसल्या. काकी म्हणाली, "पाय ह्यालाच फुटलेत, बघा, पळंल एक दिवस." पळालोच की. तू गेल्याचं कार्डही मला इथेच मिळालं. पोराचा हात चांगला हाय, एवढं एकदा म्हणाला असतास तर काय झिजला असतास?

आणि आता हे. त्या विलायती कागदावर आकडेच नव्हते. साहेब अडला. मी तुझे होड्यांवरचे आकडे काढून दिले. सहाचं आणि नवाचं पोट मोठं, रंग ओघळला तरी बुजू नये असं. साहेबाने कागद उचलून उजेडात धरला. सगळ्या खात्यासमोर विचारलं, "ये किसका बनाया हुआ है?" मी म्हणालो, "मेरा."

बापाचं म्हटलं तर पुढचे प्रश्न येतील, कुठे शिकला, काय शिकला, म्हणून तसं बोललो, असं मी मनाला सांगितलं. खोटं आहे ते. मला ते माझं हवं होतं. हे तुला सोडून कुणाला सांगायचं, आणि तुला तरी कुठल्या पत्त्यावर? साहेबाने पंचवीस रुपये बक्षीस दिलं. आईच्या मनीऑर्डरवर बक्षीस मिळालं एवढंच लिहिलंय, कशाचं ते नाही. वीस पाठवतोय.