गोळीची वेळ, नळाची वेळ

३ फेब्रुवारी, मंगळवार

आणखी काही तक्रार? — डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी म्हणालो, पोट साफ होत नाही! शेजारी बायको बसलेली, समोर सुनेच्या वयाची डॉक्टर. नवरा म्हणून मी निकामी झालोय, हे सांगणार कसं? शेंद्र्याच्या कंपनीत उभा जन्म माल तपासण्यात गेला. एवढासा ओरखडा दिसला की पीस बाजूला. आज स्वतःचा दोष लपवून आलो.

पार्किन्सन मोठा विनोदी आजार आहे. हात न सांगता हलतो. बाकीचं शरीर विनवण्या करूनही ढिम्म!

५ फेब्रुवारी

मालनची गादी अजून हॉलमध्येच. म्हणते, झोपेत लाथा मारता. मारतो, खरं आहे. पण तिला माझी किळस येत असेल तर? विचारायची हिंमत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

एकटाच दवाखान्यात गेलो. रिक्षात पाठ केलेलं वाक्य तिथं पोचेपर्यंत विसरलो. शेवटी टेबलाकडे बघत सांगून टाकलं. बाई दचकल्यासुद्धा नाहीत! म्हणाल्या, मेंदूत डोपामिन कमी पडतं, त्याचाच हाही परिणाम. पुष्कळांना होतं, लाजेपोटी कुणी बोलत नाही. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. आणि सल्ला — रात्रीचा हट्ट सोडा, सकाळच्या गोळीनंतर तास-दीड तासानं शरीर मोकळं असतं, ती वेळ बघा.

म्हणजे सकाळी दहा! मुकुंदवाडीत सकाळी दहाला आतून कडी लावली, तर माणूस गेलं समजून गल्ली गोळा होईल.

चेहऱ्याचे स्नायूही आखडतात म्हणे. हसू, माया घरच्यांना दिसत नाही. बोलून सांगत जा, म्हणाल्या.

१० फेब्रुवारी

मालन मेथी निवडत होती. सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"मला वाटलं, मीच नकोशी झाले तुमाला. दोन वर्सं झाली, माझ्याकडं बघून हसला नाय तुमी. म्हून गादी उचलली."

आणि मी काय समजत होतो! रडू आलं. चेहरा मात्र कोराच.

"तोंडाकडं बघू नको," म्हणालो. "ते बंद हाय. आतून मी लई हसतो."

१६ फेब्रुवारी, सोमवार

पोराची, राजकुमारची, या आठवड्यात पहिली पाळी, पहाटेच जातो. सून सुलेखा नऊला ऑफिसला निघते. पुढच्या आठवड्यापासून त्याची रात्रपाळी, म्हणजे दिवसभर पोरगा घरात झोपणार. आमचा काय तो हाच आठवडा. या वयात पोरगा कधी घराबाहेर पडतो याची वाट बघतोय!

१७ फेब्रुवारी

दहाला गॅसवाला.

१८ फेब्रुवारी

पिशोरहून मेहुणा कडुबा आला, अद्रकाची पिशवी घेऊन. तब्येत विचारायला. बारा वाजेपर्यंत विचारत होता.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. सून घरी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दहाला लॅबच्या रांगेत, रक्त द्यायला. घरी येतो तर गल्लीच्या ग्रुपवर मेसेज — उद्या नळाला पाणी, सकाळी दहा! आठवडा उलटल्यावर येणारं पाणी. या शहरात नळ आला म्हटलं की लोक लग्नाच्या पंगतीतून उठतात. आणि आमचा शेवटचा दिवस उद्याच.

मालननं मेसेज वाचला. पिंपं घासून ओळीनं मांडली. तिला हवं असेल असं धरून बसलो होतो, तो माझाच मूर्खपणा.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पाणी येऊन गेलं. पिंपं कोरडी. शेजारची द्वारकाबाई दार वाजवत राहिली. मालननं आतून कडी घातलेली.

"जाऊ द्या ते पानी," म्हणाली.

तपासनीस म्हणून सांगायचं तर पीस काही पास झाला नाही. पण मालनची गादी आत आलीय. टँकर सांगावा लागेल.