नको त्या जागचा डाग

३ मार्च, सकाळ
आंघोळीच्या वेळी लक्षात आलं. नको त्या जागी रुपयाएवढा लालसर-जांभळा डाग. आग होतेय. साबणाचाच प्रताप. सौ. लेकीच्या बाळंतपणाला गेल्यापासून साबण मीच आणतो. असो, येत्या रविवारी येतेच आहे ती. बाळ सात महिन्यांचं झालं, आता तिचं तिथे काय काम?

५ मार्च
साबण बदलला. आतले कपडे नवे आणले. डाग जैसे थे. दुकानात चष्म्याच्या काचा घासताना दिवसभर पाय फाकवून उभा. मालकांनी विचारलं, मूळव्याध का? हो म्हटलं. अब्रू वाचली. डोकं ठणकत होतं, नेहमीची गोळी घेतली.

६ मार्च
डाग भडकला. शेजारी एक पिल्लूही.
कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. अगदीच पोरगेलासा. हातमोजे घालून तपासलं. किती दिवसांनी कुणीतरी हात लावला! मग आवाज खाली आणून म्हणाला, "काका, बाहेर कुठे संबंध वगैरे?"
मी ताठ बसलो. म्हणजे आपल्यात अजून तेवढा दम दिसतो तर! नाही म्हणायला जीभ रेटेना. नुसतं सूचक हसलो. औषधं कुठली घेता? कुठलीच नाही म्हटलं. डोकेदुखीची गोळी म्हणजे काय औषध! रक्त तपासायला दिलं.

९ मार्च, रविवार
सौ. आली नाही. बाळाला दात येताहेत म्हणे. म्हटलं, ये सावकाश, मलाही इथे सतरा कामं आहेत.
केसांना कलप लावला. झोपलो.

१२ मार्च
रिपोर्ट सगळे साफ. जरा वाईटच वाटलं. डॉक्टरने खोदून खोदून विचारलं तेव्हा गोळीचं सांगितलं. म्हणाला, तीच ती. काहींना साध्या गोळीनेही असा डाग उठतो, आणि पुन्हा घेतली की त्याच जागी उठतो. गोळी बंद, मलम सुरू. संबंधांचं त्याने परत विचारलंसुद्धा नाही.
सौ.ला अर्धंच सांगायचं ठरवलंय. डॉक्टरला काय संशय आला, तेवढंच. पहिल्या गाडीने धावत येईल.

१३ मार्च
सांगितलं. पलीकडे शांतता. म्हटलं, लागलं वर्मी.
मग ती हसली. इतकी, की बाळ दचकून रडायला लागलं. "अहो, तुम्ही? आणि बाहेर? दूध आणायला तरी जाता का बाहेर?"
हसू ओसरल्यावर म्हणाली, तुम्हाला सांगायचंच होतं, मी आता इथेच राहीन म्हणते. जेवत जा वेळेवर.
विचार करून कळवतो, असं ठणकावून सांगितलं. फोन तिने आधीच ठेवला होता.